फोनची बॅटरी फुगली? ठाण्यातल्या दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत फुगलेल्या बॅटऱ्यांचा हंगाम असतो. घोडबंदर रोडवरून, कळव्यातून, ऐरोली-कोपरखैरण्याहून लोक येतात आणि प्रश्न तेच असतात. हातात स्क्रू ड्रायव्हर असताना तेच उत्तर चाळीसदा देण्यापेक्षा एकदा लिहून काढलं, म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवता येतं. घाईत असाल तर पहिलं उत्तर वाचा, त्याप्रमाणे करा आणि मग बाकीचं सावकाश वाचा.

फोन फुगलाय असं वाटतंय. आत्ता लगेच काय करू?

चार्जिंगला लावला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग वायर काढा. फोन स्विच ऑफ करा. कव्हर सहज निघत असेल तर काढा. ओढाताण करावी लागत असेल तर राहू द्या. फोन उघड्या फरशीवर ठेवा. गादी, सोफा, कपड्यांचं कपाट, वर्तमानपत्रांचा गठ्ठा यांच्यापासून लांब. ओटा दगडी असला तरी तिथे नको, बाजूला गॅस आहे. बाल्कनी चालेल, पण सावलीत. घरात जुनी लोखंडी कढई किंवा पत्र्याचा डबा असेल आणि सोसायटीत कुठे काम चालू असेल तर थोडी कोरडी रेती मागून आणा, तिच्यावर फोन ठेवा. डब्याचं झाकण घट्ट लावू नका. आतून वायू सुटला तर त्याला बाहेर पडायला वाट हवी.

स्क्रीन अंगठ्याने दाबून परत बसवू नका. रबरबँड लावू नका. हे वेगळं सांगतो, कारण दर चार फोनांपैकी एक तरी रबरबँड लावूनच येतो.

फुगली आहे हे नक्की कसं ओळखायचं?

फोन काचेच्या टेबलावर पालथा ठेवा आणि एका कोपऱ्याला हलकी टिचकी द्या. भोवऱ्यासारखा फिरला तर स्क्रीन मध्ये उचललीय. परवा नौपाड्यातल्या एक काकू आल्या. म्हणाल्या, "अरे, स्क्रीनला नुसता पिवळा डाग पडलाय, तेवढा काढून दे." फोन आडवा धरून उजेडात पाहिला तर आवाजाच्या बटणांजवळ स्क्रीन आणि चौकटीच्या फटीतून पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. त्या फटीत व्हिजिटिंग कार्ड गेलं असतं. तो पिवळा डाग बॅटरीने आतून स्क्रीनला दिलेल्या दाबाचा होता.

आणखी खुणा म्हणजे बटणं अचानक कडक होतात, बोट न लावता स्क्रीन आपोआप चालते, कव्हर कालपर्यंत बसत होतं ते आज बसत नाही. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत असेल तर आतल्या बॅटरीच्या पाकिटाला कुठेतरी चीर पडली आहे. मग फोन घरात ठेवू नका, बाहेर मोकळ्यावर ठेवा.

आत नेमकं काय होतं?

फोनची बॅटरी उघडून पाहिली तर वेफर्सच्या पाकिटासारखी एक चंदेरी पिशवी दिसते. प्लॅस्टिकचे थर दिलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. तिच्यात अळूवडीच्या उंड्यासारखी गुंडाळी असते. तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइट, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम आणि कोबाल्टचं संयुग, आणि या दोघांची भेट होऊ नये म्हणून मध्ये केसापेक्षाही पातळ प्लॅस्टिकचा पडदा. हे सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं असतं. चार्ज करताना लिथियम एका पानातून दुसऱ्या पानात जातं, फोन वापरताना परत येतं. ही येजा १९९१ साली सोनीने बाजारात आणली, आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रत्येक फेरीत तो द्रव किंचित किंचित बिघडत जातो. बॅटरी म्हातारी झाली, तापली, सतत शंभर टक्क्यांवर राहिली किंवा पार शून्यावर जाऊन महिनोन्‌महिने पडून राहिली की बिघाड वाढतो आणि वायू तयार होतो: कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन. पिशवी सीलबंद असल्यामुळे वायू जाणार कुठे? थरांमध्ये शिरतो, अळूवडीच्या पानांमध्ये पोकळी होते आणि पिशवीचं पोट वर येतं.

काही पॉवर बँकांमध्ये पत्र्याचे गोल सेल असतात, पेन्सिल सेलपेक्षा जाडजूड. ते फुगत नाहीत, कारण कवच कडक आणि टोकाला दाब सोडायची सोय. म्हणून फुगली नाही म्हणजे पॉवर बँक ठणठणीत, असा अर्थ काढू नका.

म्हणजे फुटणारच का?

बहुतेक वेळा नाही. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ सगळ्या फुगलेल्या बॅटऱ्या गुपचूप निघाल्या, रेतीत गेल्या, विषय संपला. पण आत किती ऊर्जा आहे ते ऐकून ठेवा. ५००० एमएएचची भरलेली बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. एवढ्यात २०० मिली पाणी, म्हणजे कटिंगचे दोन ग्लास, उकळीला येतात. ती ऊर्जा एका जागी काही सेकंदांत बाहेर पडली तर साधारण १३० अंशांना मधला प्लॅस्टिकचा पडदा वितळतो, दोन्ही पानं एकमेकांना भिडतात, आणखी उष्णता होते आणि मग तो प्रकार आपला आपण वाढत जातो. वर द्रव आणि वायू जळतात ते वेगळंच.

दुकान टाकून दुसरं वर्ष असेल. गिऱ्हाईक समोर उभं, लोकल पकडायची घाई, आणि मी बॅटरीखाली लोखंडी पाती घातली. आधी "स्स्स" असा आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. मग पांढरा धूर, मग निळसर ज्योत. चिमट्याने उचलून फरशीवर टाकली, बादलीभर पाणी ओतलं. तो काळा डाग अजून काउंटरच्या मागे आहे. त्या दिवसापासून प्लॅस्टिकची पाती वापरतो आणि घाईचं काम घेत नाही. दोष बॅटरीचा नव्हता, माझ्या हाताचा होता, आणि नंतर जेवढी प्रकरणं ऐकली त्यांत बहुतेकांत हेच निघालं: कोणीतरी दाबली, टोचली, वाकवली, नाहीतर "एकदाच चार्ज करून बघतो" म्हणून लावली.

युट्यूबवर एकजण टाचणीने भोक पाडून गॅस काढतो. चालेल?

अजिबात नाही. टाचणी पिशवीपाशी थांबत नाही, दोन्ही पानांतून आरपार जाते आणि दोघांना जोडून टाकते. जो वायू बाहेर येतो तोही पेट घेणारा. आणि नशिबाने काही झालं नाही, तरी त्या भोकातून आपल्याकडची दमट हवा आत शिरते. द्रवातल्या क्षाराला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. डोळे आणि फुफ्फुसांसाठी तो अत्यंत वाईट. पोट सपाट दिसलं म्हणजे बॅटरी बरी झाली, असं होत नाही.

फ्रीजमध्ये ठेवली तर? तांदळाच्या डब्यात?

फ्रीजमध्ये वायू परत द्रव होत नाही, उलट बाहेर काढल्यावर फोनच्या आत दव धरतं. तांदूळ भिजलेल्या फोनलाही फारसा उपयोगी नाही. इथे तर संबंधच नाही. तांदूळ डब्यातच राहू द्या, आणि फोन त्यात मुळीच नको. तो भात तुम्हाला खायचाय.

फोनमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत. बॅकअप घेऊ का आधी?

खरा जीव इथेच अडकलेला असतो, कल्पना आहे. फोन थंड असेल, वास नसेल, फुगवटा थोडा असेल आणि बॅटरीत पुरेसं चार्जिंग शिल्लक असेल तर फरशीवर ठेवून, चार्जर न लावता, वायफायवरून बॅकअप घ्यायला हरकत नाही. मात्र समोर बसून राहा. मध्येच बॅटरी संपली तर थांबा. "शेवटचे दोन टक्के राहिलेत" म्हणून चार्जर लावू नका.

फोन गरम लागत असेल, वास येत असेल किंवा स्क्रीन चिरली असेल तर बॅकअपचा विचार सोडा. डेटा बॅटरीत नसतो, मदरबोर्डवर असतो. बॅटरी काढून दुसरी लावली की बहुतेक वेळा फोटो जागच्या जागी मिळतात. स्क्रीन गेली असली तरी तात्पुरता डिस्प्ले, म्हणजे आमच्या भाषेत फोल्डर, जोडून काम भागतं. आणताना पासवर्ड मात्र आठवत असू द्या. गेल्या महिन्यात एक आजोबा तीन वेळा घरी फोन करून नातवाला विचारत होते आणि प्रत्येक वेळी नातू वेगळाच आकडा सांगत होता.

दुकानापर्यंत आणायचा कसा?

पँटच्या मागच्या खिशात आणू नका. सकाळच्या गर्दीत ठाणे-वाशी लोकलमध्ये खिशातल्या वस्तूवर किती दाब येतो ते तुम्हाला माहीत आहे. दुपारच्या मोकळ्या गाडीने या किंवा रिक्षा करा. फोन बंद करून, कोरड्या कापडात सैल गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून पिशवीत सगळ्यात वर ठेवा. किल्ल्या, सुटे पैसे त्या कप्प्यात नकोत. स्कूटरच्या सीटखाली तर मुळीच नको. उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. फोन आधीच गरम असेल किंवा वास येत असेल तर आणूच नका, फोटो काढून पाठवा. जवळचा कारागीर घरी येऊन काढू शकतो का ते विचारा.

धूर यायला लागला तर? पाणी टाकायचं की नाही?

हा प्रश्न शाळेच्या पुस्तकातून येतो. सोडियम पाण्यात पेट घेतं म्हणून रॉकेलमध्ये ठेवतात, तसंच लिथियमचंही असणार, असं लोकांना वाटतं. धातूच्या लिथियमच्या बाबतीत ते खरंही आहे. पण फोनच्या बॅटरीत लिथियमचा तसा धातू जवळपास नसतो, तो संयुगांच्या रूपात असतो. त्यामुळे पाणी चालतं. किंबहुना पाणीच सगळ्यात उपयोगी, कारण आग विझवण्याइतकीच बॅटरी थंड करणं गरजेचं असतं. तांब्याभर शिंपडून भागत नाही, बादलीने ओता.

क्रम असा ठेवा. मुलं आणि म्हातारी माणसं आधी खोलीबाहेर. चार्जर जोडलेला असेल तर मेन स्विच बंद. खिडक्या उघडा, धुरात श्वास घेऊ नका. फोन हातात घेऊन पळू नका, तो जिथे आहे तिथेच राहू द्या आणि आजूबाजूच्या जळणाऱ्या वस्तू लांब करता आल्या तर करा. मग लांबूनच पाणी किंवा रेती. रेती आगीला कोंडते, थंड करत नाही, हे लक्षात असू द्या. लॉबीतल्या अग्निशामक सिलिंडरची पावडर पडद्याची आग विझवेल, पण बॅटरीच्या आतली उष्णता तिच्याने जात नाही. विझलेली बॅटरी अर्ध्या तासानेही पुन्हा पेटू शकते, म्हणून पाण्यात बुडवून बाहेर ठेवा आणि लक्ष ठेवा. पडदा किंवा गादी धरली असेल तर शौर्य नको. दार ओढून घ्या, जिन्याने खाली या, १०१ किंवा ११२ लावा.

खिडकीतून खाली फेकू नका. बावीसाव्या मजल्याखाली कोणाचं तरी डोकं असतं.

गळलेला द्रव हाताला लागला तर पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली हात धरा. डोळ्यात गेला तर तसंच धुऊन सरळ डॉक्टरकडे. धूर नाकातोंडात गेला आणि छाती भरल्यासारखी वाटली, तरीही डॉक्टरकडे जा.

ऑनलाइन बॅटरी मागवून घरी बदलता येईल का?

चांगली बॅटरी असेल आणि हात सरावलेला असेल तर येईल. फुगलेली असेल तर पहिला प्रयोग तिच्यावर नको. हल्ली बॅटरी चौकटीला चिकटपट्टीने घट्ट बसवलेली असते. काहींना ओढायच्या पट्ट्या असतात, पण फुगवट्यामुळे त्या मध्येच तुटतात. लोक मग हेअर ड्रायर घेतात, म्हणजे जिला उष्णता सोसत नाही तिलाच शेकतात. आम्ही आधी कनेक्टर सोडवतो, कडेने दोन-चार थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडतो, गोंद मऊ होईपर्यंत थांबतो आणि प्लॅस्टिकच्या पातीने तळातून उचलतो. बाजूला रेतीचं घमेलं तयार असतं. वीस मिनिटांचं काम, त्यात पंधरा मिनिटं नुसती वाट बघायची.

दुकानदार म्हणतो ओरिजिनल आहे. कसं ओळखू?

"ओरिजिनल", "फर्स्ट कॉपी", "हंड्रेड पर्सेंट ओजी" हे शब्द आमच्या धंद्यात फार स्वस्त झालेत. शब्द सोडा, बॅटरी हातात घ्या. भारतात विकायच्या अशा बॅटऱ्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस १६०४६. लेबलवर ते चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळते का बघा. लेबलवर तुमच्या मूळ बॅटरीच्या दीडपट एमएएच छापलेले असतील आणि आकार तोच असेल तर ती थाप आहे. बिल मागा. बिल द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून बॅटरी घेऊ नका, मग तो माझा शेजारी का असेना.

काढलेली बॅटरी कुठे टाकू? सुक्या कचऱ्यात चालेल?

नाही. घंटागाडीतला कचरा पुढे दाबून बारीक केला जातो. ज्या बॅटरीला आपण बोटाने दाबत नाही तिला तिथे यंत्र दाबतं, आणि आजूबाजूला कागद-प्लॅस्टिकच. ते काम करणाऱ्या माणसांचा विचार करा. भंगारवाल्यालाही देऊ नका, तो तांब्यासाठी हातोडीने फोडतो.

लेबलवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थच हा. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम सांगतात की वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्यांकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे द्यायची, आणि ती परत घेण्याची व्यवस्था उत्पादकाने करायची. म्हणून पहिलं ठिकाण म्हणजे तुमच्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर. दुसरं, दुरुस्ती करणारं दुकान. आमच्याकडे रेतीच्या डब्यात साठवतो आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे देतो. तिसरं, सोसायटीत अधूनमधून होणारी ई-कचरा मोहीम. पण तिथे "ही फुगलेली आहे" असं तोंडाने सांगून हातात द्या, खोक्यात गुपचूप टाकू नका. देईपर्यंत कनेक्टरवर सेलोटेप लावून ठेवा.

माझा फोन ठीक आहे. मग मी कशाला घाबरू?

टीव्हीखालचा ड्रॉवर उघडा. २०२० मध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब, आईचा जुना फोन, कोणाचा तरी पॉवर बँक. शून्यावर जाऊन वर्षानुवर्षं पडलेली बॅटरी आतून बिघडते आणि एके दिवशी "चालतोय का बघू" म्हणून चार्जिंगला लावली की फुगते. ठेवायचाच असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ध्यावर आणा.

दुसरी जागा वॉचमनच्या केबिनची. कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीतून आलेला टॅब मी विसरत नाही. पाहुण्यांची नोंद करायला ठेवलेला, दोन वर्षं चोवीस तास चार्जरवर, पत्र्याच्या छपराखाली, खिडकीला टेकवलेला. त्याची स्क्रीन पापडासारखी वर आली होती आणि वॉचमनने वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. "साहेब, तीन वेळा सांगितलं ऑफिसात," म्हणाला. जुना फोन सीसीटीव्ही म्हणून लावणाऱ्यांचंही हेच होतं. अशा ठिकाणी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असेल तर ती लावा. नसेल तर टायमरचा प्लग बसवून दिवसातून दोन-तीन तासच वीज द्या.

विमानात किंवा कुरिअरने नेता येतो का?

नाही. खराब झालेली लिथियम बॅटरी ना हातातल्या बॅगेत चालते, ना चेक-इनमध्ये, ना विमानाने जाणाऱ्या कुरिअरमध्ये. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलक्सी नोट ७ बाजारातून मागे घ्यावा लागला तो बॅटऱ्या पेट घेत होत्या म्हणूनच, आणि तेव्हा विमान कंपन्यांनी त्या फोनला बंदी घातली होती. नवी मुंबई विमानतळावर रांगेत उभं राहून हे कळण्यापेक्षा आदल्या दिवशी बघा.

वॉरंटीत बसतं का?

मुदत चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला जा, माझ्याकडे येऊ नका. मी उघडला की ते हात वर करतील. फुगवट्याचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा, बिल जवळ ठेवा, जॉबशीट, म्हणजे फोन जमा केल्याची पावती, घ्या. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पुन्हा फुगू नये म्हणून?

उष्णता टाळा, बाकी सगळं त्यानंतर. घोडबंदर रोडवर मे महिन्याच्या दुपारी हँडलला अडकवलेला फोन, नकाशा चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण आणि वर पॉवर बँक जोडलेला. डिलिव्हरीवाल्या पोरांच्या बॅटऱ्या म्हणूनच वर्षभरात माझ्याकडे येतात. ॲपलसारख्या कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतच तेवढं असतं. चार्ज करायचा तो थांबल्यावर, सावलीत करा. पोरांना ते जमतंच असं नाही, हे मलाही दिसतं.

रात्रभर उशीखाली चार्जिंग नको. वीसपासून ऐंशीपर्यंत वापर ठेवला तर बॅटरी जास्त टिकते, पण त्यासाठी गजर लावून उठू नका.

बॅटरी बदलली, पण मागचं झाकण नीट बसत नाही. असं का?

फुगवट्याने चौकट वाकली असेल किंवा काचेला बाक आला असेल. जोर करून बसवू नका, परत आणा. खाली एखादा स्क्रू राहिला असेल तर तो नव्या बॅटरीत रुतेल. शिवाय फोन एकदा उघडला की कंपनीने लावलेला पाणी अडवणारा गोंद गेला. आम्ही नवा लावतो, पण पहिल्यासारखी खात्री देत नाही. आधी पाण्याचे शिंतोडे सोसत असेल, आता त्यावर भरवसा ठेवू नका. मे महिन्यात बॅटरी बदलून जूनच्या पहिल्या पावसात तलावपाळीवर रील काढायला गेलेले तिघे गेल्या वर्षी परत आले होते. प्लॅस्टिकचं पाऊच वीस-पंचवीस रुपयांना मिळतं, काउंटरवरच टांगलेलं असतं.